साधी सळई ताणली तर का चालत नाही?

"प्रीस्ट्रेससाठी महागडी वायर कशाला, साधी सळईच ताणू" हा प्रश्न थेट मुळाला हात घालतो. प्रीस्ट्रेस म्हणजे काँक्रीटमधलं पोलाद ताणून काँक्रीट आधीच दाबाखाली ठेवणं. हिशेब करून बघा. साधी सळई १४० न्यूटन प्रति चौरस मिमीपर्यंत ताणली, तर मीटरमागे जेमतेम ०.७ मिमी लांबते. आकुंचन (सुकताना आखडणं) आणि क्रीप (सततच्या दाबाखाली हळूहळू आखडत जाणं) यांमुळे काँक्रीट पुढच्या काही वर्षांत जवळपास तेवढंच आखडतं. म्हणजे ताण गेलाच! हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारी) वायर १२०० पर्यंत ताणली, तर ६ मिमी लांबते, त्यातले ०.७ गेले तरी बहुतेक ताण शिल्लक राहतो. फ्रान्सचे अभियंते फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये प्रीस्ट्रेसचं पेटंट घेतलं, त्यामागे हीच जाण होती. त्याआधी फ्रान्समधल्या ल व्हर्द्रच्या पुलाच्या कमानी हळूहळू खचताना त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, आणि रात्रीतून जॅक लावून पुन्हा वर उचलल्या होत्या.