नवा लॅपटॉप तीन दिवसांत भरला कसा?

शाईचा डाग
जुना लॅपटॉप बारा वर्षं वापरला. बिजागरी तुटल्यावर स्क्रीनमागे पुस्तकांची चळत लावून सहा महिने रेटला. शेवटी मुलीने नवा घ्यायला लावला. ती परगावी, म्हणून सेटअप एकटीनेच केला. भाषा, कीबोर्ड, वायफाय, मग ईमेल. त्यापुढच्या सात-आठ पानांवर मी न वाचता "नेक्स्ट" दाबत गेले, हे कबूल करते. (आयुष्यभर मुद्रितशोधन केलेल्या बाईने!)

मग पेनड्राइव्हवरून १४ जीबी फोटो आणून डेस्कटॉपवर टाकले. डोळ्यांसमोर असले की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात संदेश: जागा भरली, जास्तीची विकत घ्या. खोक्यावर ५१२ जीबी छापलंय, आत बघितलं तर ४७६च. खोका खोटा की मी वेंधळी?

दुसरं म्हणजे, जुन्या मराठी फाइली उघडतात, पण आत मराठी नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविरामांचा कचरा. पंधरा वर्षांचं काम आहे त्यात. जुना लॅपटॉप उद्या भंगारात द्यायचा होता. देऊ का?

रात्रपाळी
आधी शेवटचं: देऊ नका.

खोका खोटा नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं आणि त्यालाही जीबीच म्हणतं. म्हणून ५१२चे ४७६ दिसतात. तुमची डिस्क जवळपास रिकामी आहे. भरली ती दुसरीच जागा. त्या "नेक्स्ट"वाल्या पानांत वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटाचा, बॅकअप चालू झाला असणार. मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधलं सगळं इंटरनेटवर चढायला लागतं. तिथे फुकट मिळतात ५ जीबी, आणि तुम्ही टाकले १४.

ताई, आता जागा करायची म्हणून वेबसाइटवर जाऊन फोटो पुसू नका. त्या दोन वेगळ्या प्रती नाहीत. तिकडून काढलं की इकडूनही जातं. आधी सी ड्राइव्हवर नवं फोल्डर करून फोटो त्यात कॉपी करा, पाच-सहा उघडून बघा. मग खालच्या पट्टीवरच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये बॅकअप थांबवा. त्यानंतर डेस्कटॉप मोकळा दिसला तर घाबरू नका, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये आणखी एक "डेस्कटॉप" असतो, फाइली तिथे सापडतील. पेनड्राइव्ह मात्र इतक्यात रिकामा करू नका.

खिळेजुळारी
तुमच्या फाइली शाबूत आहेत. त्या युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, इतकंच. जुन्या लॅपटॉपच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट्स उघडा, फाइलीत ज्या फॉन्टचं नाव दिसतं तो कॉपी करून नव्यावर इन्स्टॉल करा. सॉफ्टवेअरबरोबर डोंगल (ते चालायला यूएसबीत खोचावा लागणारा तुकडा) मिळालं असेल तर तेही जपा.

युनिकोडमध्ये रूपांतर करायचं झालं तर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा. घोळ हमखास तिथेच होतो. ते तुम्हाला मी काय सांगणार म्हणा.

नव्या मजकुरासाठी सेटिंग्जमधल्या टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी जोडा. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

धडपड्या
न विचारलेलं सांगतो. अशा सेटअपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते आणि तिची ४८ आकडी किल्ली सेटअपला दिलेल्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. मी सेटअपला कुठलातरी जुना ईमेल दिला होता, पुन्हा न उघडण्यासाठीच काढलेला. चार महिन्यांनी बायोसचं (विंडोजच्याही आधी लॅपटॉप सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) अपडेट झालं आणि निळ्या स्क्रीनने ते ४८ आकडे मागितले. त्या ईमेलचा पासवर्ड आठवेना, त्याला जोडलेला फोन नंबर केव्हाच बंद. अख्खी डिस्क पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली. आजच अकाउंटमध्ये जाऊन रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहा. लॅपटॉपमध्येच सेव्ह करून ठेवाल तर ती कुलपाच्या आत राहील.

शाईचा डाग
सगळ्यांचे आभार. फोटो हलवले, ढग थांबवला. डेस्कटॉप खरंच मोकळा झाला आणि माहीत असूनही पोटात गोळा आला. फाइली तुम्ही सांगितलं तिथेच होत्या.

फॉन्ट मिळाला. पहिली फाइल उघडली, मराठी दिसलं, आणि दुसऱ्याच ओळीत माझीच बारा वर्षं जुनी चूक सापडली.

किल्लीचे सहा-सहा आकड्यांचे आठ गट वहीत उतरवले, मग उलटीकडून वाचून ताळा केला. एक ९ मी ६ लिहिला होता. जुना लॅपटॉप परत पुस्तकांना टेकवून ठेवलाय.