अलंकार ओळखता येतो, पण तो काय करतो हे कसे सांगावे?

प्रश्न (एक पालक, परळ)

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. उपमेय, उपमान आणि साधर्म्यवाचक शब्द तिला अचूक शोधता येतात. ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा आणि उपमेय उपमानाहून वरचढ ठरले की व्यतिरेक, हेही तिला पाठ आहे. अडचण येते ती रसग्रहणात. काव्यसौंदर्य लिहिताना ती प्रत्येक कवितेखाली ‘या अलंकारामुळे कवितेला सौंदर्य प्राप्त झाले आहे’ हे एकच वाक्य लिहिते. ते चूक नाही, पण त्यातून कविता कळल्याचेही दिसत नाही. अलंकाराचे नाव घेऊन झाल्यावर पुढे काय विचारायचे असते, हे मला तिला समजावून सांगता येईल अशा रीतीने कोणी लिहील का?

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, मुलुंड)

ताई, हे वाक्य उत्तरपत्रिकांमध्ये सर्रास आढळते आणि त्याचा दोष मुलांना देऊ नये, कारण आपण त्यांना अलंकाराचे नाव विचारतो आणि त्या नावालाच गुण देतो. मी वर्गात एक साधी रीत वापरत असे: अलंकार काढून तेच वाक्य पुन्हा लिहायचे आणि काय हरवले ते पाहायचे.

समजा, एका कथेत असे वाक्य आहे: ‘भरतीचे पाणी रात्रभर कठड्यावर मुठी आपटत होते.’ निर्जीव पाण्याला माणसासारखे वागायला लावले, म्हणून ही चेतनगुणोक्ती; इथवर तुमची मुलगी पोहोचेलच. आता अलंकार काढून ‘भरतीच्या लाटा रात्रभर कठड्यावर आदळत होत्या’ असे लिहून पाहा. आवाज राहिला, जोर राहिला, पाणीही तेच राहिले. गेल्या त्या फक्त मुठी. बंद दारावर मुठी कोण आपटतो? ज्याला आत घेतलेले नाही तो. म्हणजे त्या एका शब्दातून राग आणि असहायता या दोन्ही गोष्टी आल्या होत्या. ती कथा घराबाहेर काढलेल्या माणसाची असेल, तर लेखकाने त्याचे मन थेट न सांगता समुद्राकडून बोलून घेतले, असे मुलीने लिहावे. रसग्रहण म्हणतात ते हेच. मात्र कथा चौपाटीवरच्या सहलीची असेल, तर तीच चेतनगुणोक्ती तिथे उपरी वाटेल, आणि तसे लिहिण्याचे धैर्यही विद्यार्थ्यांत असायला हवे. अलंकार प्रसंगाला साजण्यालाच ११व्या शतकातील काश्मीरच्या क्षेमेंद्र या काव्यशास्त्रकाराने औचित्य म्हटले: कमरेची मेखला गळ्यात घातली तर शोभा होत नाही, हसे होते.

प्रतिसाद (मराठीची विद्यार्थिनी, कलिना)

सरांची रीत मलाही पटते, पण जिथे काढण्यासारखा अलंकारच नसतो तिथे ती अपुरी पडते, असे मला वाटते. ‘शेवटची कर्जत गेली’, म्हणजे कर्जतला जाणारी रात्रीची शेवटची लोकल गेली, हे वाक्य घ्या. यात उपमा नाही, रूपक नाही, यमकही नाही. दादरच्या घरी गप्पा रंगल्या असताना यजमान पाहुण्याला हे म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘आता राहूनच जा’ असा होतो. फलाटावर धावत आलेल्या दोन कामगारांपैकी एकाने ते म्हटले, तर ‘रात्र बाकावर काढावी लागणार’ असा होतो. बदलापूरला मुलाची वाट पाहत बसलेल्या आईने म्हटले, तर त्यात काळजी येते. ‘सूर्य मावळला’ एवढ्याच वाक्यातून ऐकणाऱ्यागणिक वेगळा अर्थ निघतो, हे मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात दाखवले आहे, आणि या शक्तीलाच आपण व्यंजना म्हणतो. म्हणून अलंकाराआधी मुलीला दोन प्रश्न विचारायला शिकवावे: हे कोण बोलते आहे आणि कोणाला?

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. कवितेत शब्दांचा क्रम उलटापालटा असतो, तेव्हा मुलगी ‘यमक जुळवण्यासाठी’ असे लिहून मोकळी होते. तेवढेच कारण असते का?

प्रतिसाद (कवितेचा वाचक, गिरगाव)

कधी कधी तेवढेच असते, आणि तेव्हा ती ओळ बहुधा कमकुवत असते. चांगल्या कवीकडे मात्र क्रम बदलला की काहीतरी घडते. बा. सी. मर्ढेकरांची प्रसिद्ध ओळ पाहा: ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. मात्रा मोजल्या तर ‘पिपांत मेले’ मध्ये आठ आणि ‘ओल्या उंदिर’ मध्ये आठ भरतात. गद्यातल्यासारखे ‘उंदीर’ असे दीर्घ लिहिले असते, तर एक मात्रा वाढली असती. म्हणजे ऱ्हस्व ‘दि’ वृत्तासाठी आहे, हे मान्य. पण ‘ओल्या पिपांत मेले उंदिर’ असे लिहिले तरी मात्रा सोळाच राहतात. मग ‘ओल्या’ हे विशेषण पिपापासून तोडून उंदरापाशी का आणले? व्याकरणाने ते पिपाचेच आहे, तरीही वाचताना क्षणभर ओल उंदरांच्या अंगाला चिकटते आणि शिसारी येते. शिवाय ‘मेले’ हा शब्द आधी येतो. कोण मेले ते ओळीच्या अगदी शेवटी कळते. विशेष्यापासून विशेषण असे लांब पडले की जुने काव्यशास्त्र त्याला दूरान्वय म्हणून दोषांत धरते. इथे मात्र त्या दोषातूनच कवितेची किळस आणि करुणा उभी राहते.

तेव्हा मुलीला मूळ ओळ आणि सरळ केलेली ओळ एकाखाली एक लिहायला सांगा, दोन्ही मोठ्याने वाचायला लावा आणि कोणत्या शब्दापाशी फरक पडला तेवढेच लिहायला सांगा. दूरान्वयाचे नाव तिने उत्तराच्या शेवटी घातले तरी चालेल.