तिकीट एकच काढा
अंबाजोगाईच्या आई-बाबांना प्रवासाच्या दोन टप्प्यांची दोन वेगळी तिकिटं काढून अमेरिकेला पाठवू का, स्वस्त पडतंय, असं विचारलंत. नका हो! एकाच पीएनआरवर बॅग सहसा मधे घ्यावी लागत नाही. वेगळ्या तिकिटांवर बहुतेकदा ती मधल्या देशात इमिग्रेशन ओलांडून घ्यायची, पुन्हा चेक-इन करायची. तिथला व्हिसा लागत असेल तर वांधेच. अमेरिकेत मात्र एकच तिकीट असलं तरी सहसा पहिल्याच विमानतळावर बॅग घ्यावी लागते.

माझी आई लातूरहून हैदराबादमार्गे गेली. पुढे मधल्या देशातल्या विमानतळावर परत सुरक्षा तपासणी, हातातल्या सामानातल्या द्रवांना १०० मिलीचा नियम. हैदराबादला आत घेतलेली पाण्याची बाटली गेली. "आत्ताच पैसे देऊन घेतली की!" कारळ्याच्या चटणीचा पुडा उघडला, हुंगला, परत दिला. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा.