तासाला तास धरला, तरी मावशींच्या हाती काही येईना: देवघेव गटासाठी सल्ला हवा आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलं आहे, पण कृपया नीट वाचून सांगा.

मी कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला एका जुन्या गल्लीत राहते. गल्ली आणि मागची कॉलनी मिळून आमचा ३१ घरांचा देवघेवीचा गट आहे. पैसा मध्ये न आणता एकमेकांची कामं करायची, जिन्नस द्यायचे-घ्यायचे, वस्तू वापरायला द्यायच्या. बरीच वर्षं छान चाललं. आता असं अडकलंय की काहीजण बंद करा म्हणतात. मला बंद करायचं नाही, पण आहे तसं चालवायलाही मन घेत नाही.

सुरुवात जुलै २०२१ च्या पुरात झाली. २०१९ सारखंच तेव्हाही उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. बाहेर नदी दारात आणि घरात नळ कोरडे. एका घरी बोअर होती, पण वीज नव्हती. दुसऱ्याकडे जनरेटर होता, डिझेल तिसऱ्याकडे. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्यांनी चुली मांडून सगळ्यांचा भात शिजवला. आठ दिवस कुणी कुणाला पैसे विचारले नाहीत. पाणी उतरल्यावर आम्हा चार-पाच बायकांना वाटलं, हे पुरापुरतंच कशाला?

मग वही घातली. जपानात ओसाकाच्या तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्ये गृहिणींसाठी श्रमांची बँक काढली होती, त्याबद्दल वाचलं होतं. तिथं तास हेच चलन. स्वयंपाक असो, आजारी माणसापाशी बसणं असो, कुणाचाही तास तासाएवढाच. मला ते फार पटलं. आम्हीही तेच धरलं. गणिताची शिकवणी एक तास, नळ दुरुस्ती एक तास, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेऊन आणणं दोन तास. शिडी, ड्रिल, शेवयाचं यंत्र, मोठी पातेली तर सगळ्यांची मिळून. दर घराला वेगळी शिडी लागत नाही हे इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

जिन्नसांशी मात्र घोळ झाला. एका घरी आजऱ्याहून घनसाळ तांदूळ येतो, एकांच्या भावाचं गुऱ्हाळ आहे. किलोभर घनसाळ म्हणजे किती तास? शेवटी बाजारभाव विचारून तास काढू लागलो. म्हणजे दारातून घालवलेला रुपया खिडकीतून आत आला. तरी ते निभावलं.

खरी अडचण पुढे आहे. गटात एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करतात. पहिल्यांदा त्यांनी गटातल्या एका वृद्ध जोडप्याकडे हौसेनं काम केलं, तास लावले. मग आणखी दोघींनी त्यांना बोलावलं, मग पाहुणे आले की, मग दिवाळीच्या साफसफाईला. आज वहीत त्यांचे ४६ तास जमा आहेत. सगळ्या गटात सर्वांत जास्त. आणि गेल्या महिन्यात त्यांनी मुलीच्या फीसाठी भिशी मोडून उचल घेतली. मी विचारलं तर म्हणाल्या, “ताई, वहीत माझं लई साठलंय म्हणता. पण त्याच्यावर सिलिंडर येतोय व्हय?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यांना शिकवणी हवी असते, पण संध्याकाळी पाचला, आणि तेव्हा शिकवणाऱ्या ताई मोकळ्या नसतात. योगासन वर्ग, केकचे धडे, झाडांची रोपं यातलं काही त्यांच्या कामाचं नाही. आमच्या यादीत काय असावं हे ज्यांच्याकडे वेळ होता त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या आहेत शिवणकाम करणाऱ्या वहिनी. पूर्वी गल्लीतल्या बायका त्यांना ब्लाउजचे रोख पैसे द्यायच्या. आता “तासात लावा की” म्हणतात. त्यांचं रोखीचं गिऱ्हाईक आम्हीच खाल्लं.

परवाच्या बैठकीत एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “हे बलुतंच झालं की.” कुणालातरी ते लागलं, वाद झाला. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. बलुत्यातही पैसा नव्हताच. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य घ्यायचं, किती ते देणारा ठरवणार आणि नाही म्हणायची सोय नाही. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केलं, त्या जमिनी रयतावा केल्या, म्हणजे सेवेची अट काढून इतर रयतेसारख्या त्यांच्या नावावर केल्या, कारण तुटपुंज्या वतनाच्या बदल्यात माणसं गावाला आणि सरकारला बांधली गेली होती. त्याच गावात आपण शंभर वर्षांनी वही घालून तेच करतोय का?

तर विचारायचं आहे ते असं. तासाला तास हे तत्त्व ठेवून मावशींसारख्यांचं नुकसान कसं टाळायचं? कुठली कामं गटात घेऊच नयेत? साठलेल्या ४६ तासांचं आता काय करू? आणि हे सगळं कायद्यात कुठं बसतं? ज्यांनी असा गट चालवलाय किंवा बंद केलाय त्यांनी जरूर लिहा. बंद का केला हेही लिहा.

प्रतिसाद

मी गडहिंग्लजकडचा. आमच्याकडं पैरा अजून चालतो. आज माझ्या शेतात तुम्ही चौघं, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं आम्ही चौघं. हिशेब कागदावर नसतो, पण डोक्यात पक्का असतो. पण एक बघा, पैरा दोघांकडं रान असलं तरच होतो. ज्याला स्वतःचं रान नाही त्याला आम्ही पैऱ्याला बोलवत नाही, त्याला रोजगार देतो, संध्याकाळी हातावर. कारण त्याचं काम फेडायला माझ्याजवळ त्याच्या कामाचं काही नसतं. तुमच्या मावशी पैऱ्यातल्या नाहीत. त्यांना रोजगार द्यायला हवा होता. गुरुजी कडू बोलले पण बरोबर बोलले. ज्या कामावर कुणाचं पोट आहे ते वहीत घेऊ नका, एवढा एकच नियम करा.

प्रतिसाद

वहीबद्दल थोडं. १९८३ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मायकेल लिंटन यांनी लेट्स नावाची पद्धत काढली, ती तुमच्या वहीसारखीच आहे. एकाच्या खात्यात जमा झालं की तेवढंच दुसऱ्याच्या खात्यात उणे, सगळ्यांची बेरीज कायम शून्य. म्हणजे मावशींचे ४६ तास ही त्यांची श्रीमंती नाही, ते बाकीच्यांचं देणं आहे. कुणाच्या खात्यात किती उणे आहे ते काढा, चित्र स्पष्ट होईल. आणि दोन्ही बाजूंना मर्यादा घाला. उणे १० च्या खाली गेलेल्यानं आधी कुणाचं तरी काम करायचं, मगच नवीन मागायचं.

वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल हिलवर दीडशेएक जोडप्यांनी एकमेकांची मुलं सांभाळण्यासाठी कुपनं काढली होती, सत्तरच्या दशकातली गोष्ट. सगळ्यांनी अडीअडचणीला म्हणून कुपनं साठवली, कुणी बाहेर जाईना, म्हणून कुणाला सांभाळायला मूल मिळेना. आधी सक्ती करून पाहिली, ती चालली नाही. शेवटी जास्त कुपनं वाटल्यावर व्यवहार हलला. पुढे कुपनं अतोनात झाली तेव्हा उलटी अडचण: सगळ्यांना बाहेर जायचं, मूल सांभाळायला कुणी नाही. अर्जेंटिनात १९९५ मध्ये बर्नालला सुरू झालेली विनिमय मंडळं देशभर पसरली आणि २००२ मध्ये भरमसाट आणि बनावट चिठ्ठ्यांमुळे कोसळली. तुमची वही लहान आहे आणि सगळे एकमेकांना तोंडानं ओळखतात. ती तशीच ठेवा, कुणी ॲप करू म्हणालं तरी घाई नको.

प्रतिसाद

कायद्यापुरतं: जीएसटी कायद्याच्या कलम ७ मध्ये वस्तुविनिमयही पुरवठ्यात धरला आहे, पण तो व्यवसाय म्हणून केला तर. शेजाऱ्याला शिडी देणं त्यात येत नाही. शिवणाऱ्या वहिनींचा मात्र तो धंदा आहे. नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल असल्यानं आज त्यांना घोर नाही, पण त्यांचं खातं वेगळं ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पैऱ्याचं उदाहरण वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वडिलांच्या गावी भुदरगडला मी लहानपणी पैरा पाहिलाय, शेवटच्या दिवशीचं जेवणसुद्धा जेवलेय, पण रोजगारी माणसं वेगळी का बसायची हे कधी मनात आलं नव्हतं.

काल वही काढून बसले. मावशींचे ४६ तास तीन घरांत आहेत: १९, १४ आणि १३. त्यातलं १३ चं घर माझं. मी माझे पैसे आज रोख दिले, त्यांना दुसरीकडे तासाला पडतात त्याच दरानं. मावशी घेईनात, “गटाचं हाय ते” म्हणाल्या. बराच वेळ उंबऱ्यात उभं राहून समजूत घातली. १४ वाले देतो म्हणालेत. १९ वालं वृद्ध जोडपं पेन्शनीवर आहे, त्यांना एकदम जमणार नाही. त्यांचं बाकीच्यांनी वाटून घ्यावं असं मी रविवारी तालमीत बैठकीत मांडणार आहे.

धुणीभांडी आणि शिवण आजपासून वहीतून काढलं. अजून एक राहिलं. मावशींना आता गटात राहायचंय, पण संध्याकाळी पाचच्या शिकवणीसाठी. रंकाळा ते कसबा बावडा या पट्ट्यात कुणी आठवीच्या मुलीला त्या वेळी गणित शिकवू शकेल का? तास माझ्या खात्यातून देईन.