आयसोटॉनिकमंधी रेणू हलत नाहीत म्हणते गाईड, खरं का? घरी दाखवायले काय करू?

कपाशीवाला:
मंडळी, पुतणी अकरावी सायन्सले हाये, एसटीनं तालुक्याले जाते, कॉलेजात मायक्रोस्कोप कपाटातच बंद. तिच्या गाईडात लिहून हाये का आयसोटॉनिक द्रावणात (म्हंजे ज्यात पेशी फुगत बी नाही अन् आकसत बी नाही) पेशीतून रेणूंची ये-जा होत नाही, अन् टेस्टमंधी तेच उत्तर चूक धरलं, पोरगी डोकं धरून बसली. मी पडलो बीकॉम. कोणतं पुस्तक देऊ, घरी काई दाखवता येते का? लय खर्चाचं नका सांगू बाप्पा.

लॅबवाली ताई:
दादा, ते गाईड बाजूला ठेवा आधी. ये-जा होते, अन् जोरात होते. 0.9 टक्के सलाईनमध्ये, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ, रक्तातली तांबडी पेशी फुगत नाही की आकसत नाही, पण दर सेकंदाला पेशीच्या आकारमानाच्या जवळपास शंभर पट पाणी आत जातं अन् तेवढंच बाहेर येतं. जमा तेवढा खर्च, शिल्लक शून्य, तुम्हाला हे लवकर कळेल 😀 आणि हा हिशोब फक्त पाण्याचा. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड पटलातून, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातून, सरळ जातात, ग्लुकोजला वाहक प्रथिन लागतं, पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप तर एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, खर्चून 3 सोडियम बाहेर नि 2 पोटॅशियम आत करतच राहतो, द्रावण आयसोटॉनिक असलं तरी.
पुस्तक: बालभारतीचं आठवीचं विज्ञान, पेशीचा धडा, पीडीएफ फुकट आहे. अकरावीसाठी एनसीईआरटीचं जुनं एडिशन सेकंडहँड बघा, वनस्पतींमधल्या वहनाचा धडा नव्यातून काढलाय.

सायकलवाला मास्तर:
बटाटा घ्या. साल काढून सारखे काप करा, तोलून लिहून ठेवा, एक साध्या पाण्यात अन् बाकी 5, 10, 15, 20 टक्के साखरेच्या पाण्यात टाका, दोनेक तासांनी काढून पुसून परत तोला. किराण्याच्या काट्यावर फरक दिसत नाही, सोनाराकडे असते तसा बारका डिजिटल काटा पाहिजे. साध्या पाण्यातला कडक होते, वाकवला का तडकन मोडते, 20 वाला लेचापेचा. ज्यात वजन जसंच्या तसं राह्यलं ते त्या बटाट्याले आयसोटॉनिक, 10 च्या आसपास सापडते पण कोंब आलेला असला तर आकडा सरकते. यूट्यूबवरचा व्हिनेगरातल्या अंड्याचा प्रयोग दिसाले झकास, पण ते कवचाखालचं पटल हाये, पेशीचं नव्हे.

कपाशीवाला:
मंग आत-बाहेर कणांची संख्या सारखी झाली का झालं आयसोटॉनिक?

लॅबवाली ताई:
इथंच नीट परीक्षेवाले पोरांना पाडतात. तुमच्या शेतातलाच युरिया घ्या, लिटरला 18 ग्रॅम विरघळवला तर कणांची संख्या सलाईनइतकीच भरते, तरी त्यात तांबडी पेशी फुगून फुटते, कारण युरिया स्वतःच पटलातून आत शिरतो अन् त्याच्यामागे पाणी. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तसे सहज शिरत नाहीत. म्हणजे कण किती एवढंच नाही, ते आत जाऊ शकतात का हेही बघायचं. पुतणीला एवढं समजलं तर त्या धड्यातले अर्धे एमसीक्यू सुटतात.

कपाशीवाला:
युरियाचं लगेच समजलं राजेहो. काट्याचं बघतो, रविवारी पोरीले घेऊन बसतो.

सायकलवाला मास्तर:
काप पुसल्याबिगर तोलू नका, अन् सगळे एकाच बटाट्याचे घ्या.