शब्दचर्चा : विडी वळणारी बाई ‘स्वयंरोजगारी’ की ‘घरखाती कामगार’?

प्रश्न : सोलापुरात पूर्व भाग आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वस्त्यांतल्या महिलांच्या मजुरीवर प्रबंध चालू आहे. प्रश्नावलीत त्यांना ‘स्वयंरोजगारी’ म्हटलंय. चालेल का? शिवाय ‘उत्पन्न किती?’ या प्रश्नाची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

उत्तर : ‘स्वयंरोजगारी’ काढाच. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरी बसून नगावर काम करणारेही स्वयंरोजगारात मोडतात, त्यामुळे विडी वळणारी आणि किराणा दुकानदार एकाच रकान्यात बसतात. दुकानदार आपला माल, आपला भाव ठरवतो. इथे पान-तंबाखू कारखान्याची, दर कारखान्याचा, विडी पास की नापास तेही कारखानाच सांगणार. म्हणूनच 1966च्या विडी-सिगार कायद्याने मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या कच्च्या मालावर घरी विड्या वळणाऱ्यालाही कर्मचारी धरलं. ‘घरखाता’ (घरी माल नेऊन विड्या वळून देण्याची पद्धत) हा धंद्यातलाच शब्द आहे, ‘घरखाती कामगार’ लिहा. सरकारी आकड्यांशी तुलना करताना मात्र रकान्यातला हा फरक स्पष्ट नोंदवा.

आणखी एक उत्तर : उत्पन्न म्हटलं की बाई घरातली सगळी आवक सांगते. मजुरी विचारा, तीही तुकड्यातुकड्यानं : काल किती विड्या नेऊन दिल्या, छाट (कारखान्याने नापास केलेल्या विड्या) किती, विडीचं पान कमी पडलं म्हणून बाहेरून किती रुपयांचं घेतलं, हातात किती आले.

गणिताला सोपा म्हणून हजार विड्यांना 200 रुपये दर धरू. 900 विड्या दिल्या, 45 छाटल्या, तर मजुरी 855ची, म्हणजे 171 रुपये. बाहेरचं पान 20 रुपयांचं, उरले 151. तिचे 8 तास आणि पानं कापणाऱ्या मुलीचे 2 धरले तर तासाला 15 रुपये 10 पैसे. ‘900 विड्या, 8 तास’ एवढंच लिहिलं असतं तर 22 रुपये 50 पैसे आले असते. उत्तरं जुळत नाहीत ती इथे. कारखान्याचं कामगार-कार्ड एकीचं आणि हात तिघींचे असतात, तेव्हा ‘या कार्डावर कोण कोण वळतं?’ हा प्रश्न सगळ्यात आधी घ्या.

दुरुस्ती : प्रश्नावलीत ‘छाट’ आणि ‘कपात’ एका ओळीत टाकू नका, ताई. छाट मालाची, कपात पैशाची. छाटलेली विडी गेली ती गेलीच. फंडाची (भविष्य निर्वाह निधीची) कपात मात्र तिच्याच खात्यात जमते, ती मजुरीतून वजा धरली तर मजुरी उगाच कमी दिसेल. विडी उद्योगात फंडाचा कामगार-हिस्सा 10 टक्के आहे, 12 नव्हे. वरच्या उदाहरणात 171वर 17 रुपये 10 पैसे.

पुरवणी : पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात. तिथे ‘कूली’ म्हणजे मजुरी आणि ‘जीतम’ म्हणजे पगार. मराठीत कुली म्हणजे हमाल, त्यामुळे नोंद घेणारा नवखा असेल तर व्यवसायाच्या रकान्यात ‘हमाली’ लिहून मोकळा होतो. त्याला आधीच सांगून ठेवा.