सणासुदीच्या दिवसांत फळे-भाज्या वाढवल्याने मनाला खरोखर उभारी येते का?

प्रश्न
सणाचे दिवस आले की घरात गोडधोड आणि तळणीच्या पदार्थांची रेलचेल होते, पाहुण्यांच्या वर्दळीत जेवणाच्या वेळा पाळल्या जात नाहीत, आणि लवकरच सगळ्यांना सुस्ती येऊन क्षुल्लक कारणावरून चिडचिड सुरू होते. अशा वेळी फळे आणि भाज्या अधिक खाल्ल्यास मन प्रसन्न राहते, असे वाचनात आले. याला काही शास्त्रीय आधार आहे का? असल्यास, घरच्यांच्या आनंदावर विरजण न घालता हे कसे साधावे, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
आधार आहे, मात्र त्यातून किती अपेक्षा ठेवावी, हे आधी समजून घेतलेले बरे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली १८ ते २५ वर्षे वयाच्या १७१ तरुणांवरील दोन आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला रोज ताजी फळे-भाज्या थेट पुरवल्या, दुसऱ्या गटाला खरेदीची कुपने आणि आठवण करून देणारे संदेश दिले, तर तिसऱ्या गटाचा आहार नेहमीचाच ठेवला. ज्यांच्या हाती प्रत्यक्ष फळे-भाज्या पडल्या, त्यांचा उत्साह आणि काम करण्याची उमेद वाढली. नुसती कुपने आणि संदेश मिळालेल्यांत मात्र असा फरक दिसला नाही. नैराश्य आणि चिंता यांची लक्षणे त्या दोन आठवड्यांत कोणत्याच गटात कमी झाली नाहीत. म्हणून तरतरी वाढण्याची आशा जरूर धरावी, पण याला मनाच्या आजारावरचा उपचार मानू नये.

शरीरात काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलीन ही मेंदूत संदेश पोहोचवणारी रसायने आहेत; पहिल्यापासून दुसरे तयार होताना क जीवनसत्त्व लागते, तर भाज्यांतील तंतू आतड्यातील जिवाणूंचे अन्न ठरतात. शिवाय तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश मिसळते, त्यामुळे गोड खाल्ल्यानंतरचे चढउतार सौम्य होतात.

उत्तर २
घरच्यांना उपदेश करण्यापेक्षा फळे चिरून समोर ठेवावीत, हा माझा अनुभव वरील प्रयोगाशी जुळतो. टोपलीतले अखंड फळ दिवसभर तसेच पडून राहते. तेच सोलून, फोडी करून गोडाच्या ताटाशेजारी ठेवले की गप्पा मारता मारता फस्त होते. काकडी आणि गाजराचे तुकडे सकाळीच करून झाकून थंड जागी ठेवावेत, कारण ऐन गर्दीत चिरायला कोणालाही सवड नसते. गोडावर बंदी मात्र घालू नये, कारण सणाच्या दिवशी केलेल्या मनाईने घरात रुसवेफुगवेच वाढतात.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पाहुण्यांना फळांचा रस देणे सोपे जाते. तो फळाऐवजी चालेल का? आणि रोजचे प्रमाण किती असावे?

उत्तर १
जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या सुचवल्या आहेत, आणि त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद धरलेले नाहीत. गाळलेल्या रसातून बहुतेक तंतू निघून जातात आणि साखर तेवढी उरते, त्यामुळे मी अखंड फळालाच पसंती देईन.

उत्तर ३
एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. एरवी भाज्या कमी खाणाऱ्याने एकदम प्रमाण वाढवल्यास पोट फुगते, म्हणून हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. घरात कोणी वॉरफेरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध) घेत असेल तर त्यांच्या पालेभाज्या अचानक वाढवू नयेत, कारण त्यांतील के जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम जपून घ्यावे लागते, तेव्हा कोणती फळे चालतील हे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. घरातील एखाद्याची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप किंवा भूक बिघडली, तर आहारावर विसंबून न राहता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. सण चालू आहे म्हणून ते पुढे ढकलू नये.